कूबर पीडीला दोन रात्री: आजी, मुलं आणि ओपल सांभाळून

ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला भाऊ, दीर किंवा मुलगी राहायला असली की पुणेकरांची तिकडची सहल साधारण ठरलेली असते. थोडे दिवस शहर, एक दिवस द्राक्षमळे आणि मग गाडी काढून उत्तरेला उलुरूचा खडक. त्या वाटेवर ॲडलेडपासून ८४६ किलोमीटरवर कूबर पीडी लागतं, ओपल या रंग खेळवणाऱ्या रत्नाच्या खाणींचं आणि जमिनीखालच्या घरांचं गाव. बहुतेक लोक तिथे संध्याकाळी पोचतात, पिझ्झा खातात, झोपतात आणि पहाटे पुढे निघतात. आमच्या दिराचंही तेच म्हणणं होतं. "वहिनी, तिथे बघायला काय आहे? उकरलेली माती! टाकी भरू आणि सुटू." मी हट्टाने मुक्काम करायला लावला. माझं मत असं आहे, की या गावाला दोन रात्री द्याव्यात, म्हणजे मधला एक अख्खा दिवस गाडीचं ओझं डोक्यावर नसताना मिळतो. पुढचं सगळं हे धरूनच लिहिलंय. एकच रात्र थांबणार असाल तर गाडीचा आणि खाणीच्या खड्ड्यांचा भाग तेवढा वाचा, बाकीचं वाचून उगाच चुटपुट लागेल.

आमच्यात कोण कोण होतं तेही सांगते, म्हणजे तुमच्या मंडळींशी ताडून बघता येईल. नवरा, दीर, नववीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, त्या मांसाहार करत नाहीत, आणि कोथरूडच्या ज्योतिषांनी त्यांना शुक्रासाठी ओपल घालायला सांगितलंय. म्हणजे आमच्या सहलीला एक अधिकृत उद्देशही होता.

कधी जायचं

आपल्या शाळांची उन्हाळ्याची सुट्टी इथे कामाला येते. एप्रिल ते जूनमध्ये तिकडे शरद संपून हिवाळा लागत असतो, दिवसा हवा छान असते आणि रात्री स्वेटर लागतो. वाळवंट म्हणून फक्त सुती कपडे भरू नका. जूनमधल्या रात्री चांगल्याच गार असतात. एप्रिलच्या मध्याला आणि जुलैत तिथल्या शाळांनाही दोन-दोन आठवड्यांची सुट्टी असते, तेव्हा जमिनीखालच्या खोल्या लवकर भरतात. त्या तारखा टाळा, नाहीतर खूप आधी बुकिंग करा.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर ऊन आणि माश्या, दोन्हींची तयारी ठेवा. टोपीवरून घ्यायची माश्यांची जाळी तिकडे मिळते. ती घालून फोटोत सगळे मधमाश्या पाळणारे दिसतात, पण घ्याच. नाताळच्या सुट्टीत मात्र जाऊ नये. डिसेंबर-जानेवारीत पारा सहज चाळिशी ओलांडतो, आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर काय करायचं, याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

रस्ता

८४६ किलोमीटर म्हणजे जवळजवळ पुणे ते बंगळूर. फरक इतकाच की वाटेत सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी यांच्या जागी जवळपास काही नाही. रस्ता उत्तम आहे, डांबरी आहे, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, बऱ्याच ठिकाणी वेगमर्यादा ताशी ११० आहे. त्यामुळे आपल्याकडच्या ड्रायव्हरला वाटतं, नऊ-दहा तासांचं काम आहे, एका दमात करू. करू नका. पहिल्या दिवशी ३०० किलोमीटरवरच्या पोर्ट ऑगस्टाला मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी सकाळी निघून उरलेले सुमारे ५४० किलोमीटर उजेडात संपवा.

उजेडावर माझा भर आहे त्याचं कारण कांगारू. संध्याकाळ झाली की ते रस्त्याकडे येतात, हेडलाइटच्या झोतात थिजतात किंवा नेमके गाडीसमोरच उडी मारतात. शिवाय एमू असतात, मोकळी सोडलेली गुरं असतात. दिवसासुद्धा रस्त्यावर मेलेल्या जनावरावर मोठे गरुड बसलेले दिसतात. ते जड असतात, पटकन उडत नाहीत. लांबूनच वेग कमी करा. भाड्याने गाडी देणाऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या करारात गावाबाहेर अंधार पडल्यावर गाडी चालवायला मनाईच असते, आणि तसा अपघात झाला तर विमा हात वर करतो. करार इंग्रजीत बारीक अक्षरात असतो, पण तो वाचाच. आपल्या स्मार्टकार्ड लायसन्सवर मजकूर इंग्रजीत असल्याने पर्यटक म्हणून ते चालतं, पण गाडीवाले कधी आंतरराष्ट्रीय परमिटही मागतात. पुण्यातून निघण्याआधी आरटीओतून करून घेतलं की प्रश्न मिटतो.

जूनमध्ये कूबर पीडीला सहाच्या आत सूर्य मावळतो. त्यामुळे पोर्ट ऑगस्टाहून आठला निघा, नाश्त्याला पोहे करत बसू नका. आदल्या रात्री सँडविच बांधून ठेवा.

पेट्रोलचा नियम सोपा आहे: टाकी अर्धी झाली आणि पंप दिसला की भरायची, दर बघायचा नाही. पोर्ट ऑगस्टानंतर साधारण १७० किलोमीटरवर पिंबाचं रोडहाउस येतं, त्यानंतर सव्वाशेच्या आत ग्लेनडॅम्बो. तिथून कूबर पीडीपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर मध्ये पंप नाही. ग्लेनडॅम्बोचा पंप चालू आहे ना, हे पोर्ट ऑगस्टातच विचारून घ्या, आणि पिंबाला टाकी गच्च भरून ठेवा म्हणजे घोर नाही. ग्लेनडॅम्बोला एक जुनी पाटी आहे. तिच्यावर मेंढ्या साडेबावीस हजार, माश्या अंदाजे वीस लाख आणि माणसं तीस असं लिहिलंय. आमच्या चिरंजीवांनी लगेच दरडोई माश्यांचा हिशेब मांडला.

मोबाइलची रेंज गावाजवळ येते आणि गावाबाहेर पडलं की जाते. नकाशा आधीच उतरवून घ्या. टेल्स्ट्राचं जाळं त्या भागात सगळ्यांत बरं, त्यामुळे गाडीत निदान एक सिमकार्ड त्यांचं असू द्या. पाणी माणशी चार-पाच लिटर गाडीत ठेवा, आणि ते पुढच्या मुक्कामाला पोचेपर्यंत संपवू नका. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबायचं, चालत मदत शोधायला निघायचं नाही. हे मुलांसमोर मोठ्याने सांगा, कारण नवऱ्यांनाही ते ऐकू जातं.

तीन डबे जोडलेले ट्रक, ज्यांना तिकडे रोड ट्रेन म्हणतात, पन्नास मीटरहून लांब असतात. त्यांना ओलांडायला एक किलोमीटरहून जास्त रिकामा, सरळ रस्ता समोर दिसायला हवा. दिसत नसेल तर मागे राहा. समोरून आला तर स्टिअरिंग घट्ट धरा, वाऱ्याचा धक्का बसतो.

कंटाळा येईल असं वाटत असेल तर पिंबा ओलांडल्यावर लेक हार्टला थांबा. रस्त्याला लागूनच थांबायची जागा आहे, आणि समोर क्षितिजापर्यंत पांढरं मीठ. वूमेरा हे रॉकेट आणि क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांचं गाव पिंबापासून जेमतेम सहा किलोमीटर आत आहे. तिथे उघड्यावर मांडलेली जुनी रॉकेटं मुलांना आवडतात. हायवेचा बराच भाग वूमेराच्या प्रतिबंधित क्षेत्रातून जातो. रस्त्यावरून जायला हरकत नाही, पण रस्ता सोडून आत शिरायचं नाही. निसर्गाच्या हाकेलाही नाही. काही ठिकाणी रस्त्यावरच विमान उतरण्यासाठी पांढऱ्या खुणा आखलेल्या दिसतील. त्या फ्लाइंग डॉक्टर सेवेसाठी आहेत. माझ्या सासूबाईंना हे कळल्यावर त्यांनी पर्समधली बीपीची गोळी पुन्हा एकदा तपासली.

जमिनीखाली झोपणं

गाव जवळ आलं की दोन्ही बाजूंना पांढरट-गुलाबी मातीचे टोकदार ढीग सुरू होतात, हजारोंनी. प्रत्येक ढीग म्हणजे कुणीतरी खणून वर टाकलेली माती. १ फेब्रुवारी १९१५ रोजी सोनं शोधायला आलेल्या एका टोळीतल्या विली हचिसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इथे ओपल सापडला, तिथून हे सुरू झालं. पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक खाणकामाला आले आणि खंदकात राहायची सवय असल्याने त्यांनी इथेही टेकडीत घरं खोदली, असं सांगतात. आज गावात दीड हजाराच्या आसपास लोक असतील, आणि त्यांतले निम्मेअधिक डगआउटमध्ये म्हणजे खोदलेल्या घरात राहतात.

गुडघेदुखीवाल्यांसाठी महत्त्वाचं: जमिनीखाली म्हणजे जिना उतरून खाली, असं बहुतेक वेळा नसतं. टेकडीच्या पोटात आडवं खोदलेलं असतं. दारातून सरळ चालत आत जायचं. तरीही बुकिंग करताना "पायऱ्या किती, बाथरूम खोलीत आहे की बाहेर" हे दोन प्रश्न विचाराच. काही हॉटेलांत पायऱ्या आहेत आणि काही स्वस्त जागांत बाथरूम सामाईक असतं.

आतलं तापमान वर्षभर २३ ते २५ अंशांच्या दरम्यान राहतं. एसी नाही, हीटर नाही. भिंती तांबूस-पिवळसर वाळूच्या खडकाच्या, त्यांवर खोदयंत्राच्या गोल वळ्या दिसतात, आणि धूळ झडू नये म्हणून वर पारदर्शक लेप असतो. हवा येण्यासाठी छतातून वरपर्यंत नळ नेलेले असतात. आत शांतता इतकी असते की दिराचं घोरणं दोन भिंतींपलीकडे असूनही मला ऐकू आल्यासारखं वाटलं. सकाळी कळलं, तो बिचारा जागाच होता.

दिवा घालवला की पूर्ण काळोख होतो. डोळे सरावून दिसायला लागेल अशी वाट बघू नका, सरावायला काही उजेडच नसतो. लहान मुलांसाठी आणि रात्री उठणाऱ्या आजी-आजोबांसाठी सॉकेटमधला छोटा दिवा न्या, तिकडच्या प्लगचा ॲडॉप्टर न्या आणि प्रत्येकाच्या उशाशी टॉर्च ठेवा. खिडकी नसल्याने उजाडल्याचं कळत नाही, तेव्हा गजर लावा. कोंडल्यासारखं वाटणारं कुणी घरात असेल तर आधीच जमिनीवरची खोली घ्या. तशाही मिळतात. रात्री अकराला खोली बदलून मागण्यापेक्षा ते बरं.

जेवणाचं सांगते. गावात पिझ्झा आहे, ग्रीक पद्धतीचं जेवण आहे, सुपरमार्केट आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीस, सर्बिया, क्रोएशिया, इटलीकडून बरेच लोक खाणकामाला आले, त्याची ही कृपा. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण सलग तीन वेळा चीज खाऊन सासूबाई हवालदिल होतात. आम्ही छोटा राइस कुकर बरोबर ठेवला होता. मेतकूट-भात आणि लोणचं एवढ्यावर एक रात्र निघते. खोदलेल्या खोलीत फोडणी मात्र करू नका. हिंगाचा वास पुढच्या पाहुण्यापर्यंत पोचेल आणि धूर ओळखणारी घंटा तर त्याआधीच वाजेल.

हे सामान पुण्याहून नेणार असाल तर विमानतळावरच्या कार्डावर खाण्याचे पदार्थ आहेत असं स्पष्ट लिहा. बाकरवडी, चिवडा सहसा बघून सोडून देतात. पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ, ताजी फळं, ताजा कढीपत्ता, बिया हे घरीच ठेवा. लपवून सापडलं तर दंड होतो. लिहिलं आणि त्यांनी काढून घेतलं, तर फक्त बर्फी जाते. उलुरूकडून दक्षिणेला परत येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात बाहेरून फळं आणायला बंदी आहे, फळमाशीमुळे. हद्दीआधी खाऊन टाका.

गावात पाणी महाग आहे. दूरच्या बोअरमधून आणून त्यातला खार काढतात. आंघोळ आटोपशीर.

मागे सरकू नका

आता सगळ्यांत गंभीर गोष्ट. गावाभोवतीच्या ओपलच्या शेतांत असंख्य उघडे शाफ्ट आहेत, म्हणजे यंत्राने पाडलेली सरळ उभी भोकं. माणूस सहज आत जाईल एवढी रुंद आणि कित्येक मजले खोल. बहुतेकांना कठडा नाही, झाकण नाही, आणि ढिगाऱ्यांच्या मध्ये ती जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. तिथल्या पाट्यांवर चित्रं काढून सांगितलंय: पळू नका, मागे चालू नका.

मागे चालू नका हे आपल्यासाठी खास आहे. मराठी कुटुंबाचा फोटो काढताना कुणीतरी हमखास ओरडतं, "जरा मागे सरका, आईंचे पाय येत नाहीयेत!" या गावात हे वाक्य उच्चारायला बंदी घाला. फोटो काढणाऱ्यानेही पाठमोरं सरकायचं नाही. पाय तुटले तर तुटू देत, फोटोतले.

मुलांना गाडीतून उतरण्याआधी नियम सांगा: ढिगाऱ्यांच्या भागात एकट्याने जायचं नाही, चेंडूमागे धावायचं नाही, दुसऱ्याच्या खुंट्या मारलेल्या जागेत शिरायचं नाही. त्या खुंट्या म्हणजे कुणाचा तरी खाणीचा हक्क असतो. विचारल्याशिवाय आत गेलात तर जीवही धोक्यात आणि कायदाही तुमच्या विरुद्ध. ढिगाऱ्यांत दगड शोधायचे असतील तर गावात ज्वेलर्स शॉप रोडवर लोकांसाठी मोकळी ठेवलेली जागा आहे, तिथेच जा.

या शोधण्याला नूडलिंग म्हणतात. खाणवाल्यांनी टाकलेल्या मातीत नजरेतून सुटलेले ओपलचे तुकडे असतात, ते हाताने निवडायचे. छोटी फावडी, जुनी चाळण, हातमोजे आणि पाणी फवारायची बाटली घ्या. कोरड्या मातीत रंग दिसत नाहीत. दगड ओला केला की चमक कळते. जिप्सम खूप चमकतं आणि मुलं तेच गोळा करतात. जिप्समवर नखाने ओरखडा उठतो, ओपलवर नाही. काचेसारखा गुळगुळीत पण रंग न खेळणारा करडा-पांढरा तुकडा मिळाला तर तो पॉच, म्हणजे साधा ओपल. आमच्या मुलाने अर्धा डबा पॉच जमवला आणि स्वतःला श्रीमंत समजला. सकाळची वेळ निवडा, आणि आजींसाठी घडीची खुर्ची न्या. सासूबाईंनी खुर्चीत बसून, काठीच्या टोकाने माती उकरून, मुलांपेक्षा जास्त तुकडे काढले. तांदूळ निवडायचा चाळीस वर्षांचा सराव आहे त्यांना.

मोकळा दिवस

नूडलिंगनंतर जुनी खाण बघा. ओल्ड टायमर्स माइनमध्ये हेल्मेट घालून स्वतःच फिरता येतं. वाटा अरुंद आहेत, वाकावं लागतं. गुडघेवाल्यांना उमूना ओपल माइनचं संग्रहालय सोयीचं. दोन्हीकडे जायची गरज नाही. तिथे खाणीच्या भिंतीतली ओपलची शीर खरीखुरी बघायला मिळते, आणि हा दगड कसा तयार होतो हे मुलांना तिथेच सांगितलेलं बरं. साधारण अकरा-बारा कोटी वर्षांपूर्वी या वाळवंटावर समुद्र होता. पुढे खडकातून झिरपलेल्या पाण्याबरोबर सिलिका खाली गेली आणि भेगांत साचली. मौल्यवान ओपलमध्ये सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे एकाच मापाचे, ओळीने रचलेले असतात, त्यांच्यामुळे प्रकाश फुटतो आणि रंग दिसतात. गोळे लहान असले तर निळा, मोठे असले तर लालही. पॉचमध्ये तेच गोळे अस्ताव्यस्त. मोठ्या गोळ्यांची नीट रचना क्वचित जुळते, म्हणून लाल महाग. दुकानात जाण्याआधी घरातल्या सगळ्यांना एवढं कळलेलं असावं.

त्या समुद्रातल्या प्राण्यांचेही ओपल झाले. शिंपले तर आहेतच, पण १९८७ साली इथे एका सागरी सरीसृपाचा ओपल झालेला सांगाडा सापडला. त्याचं नाव एरिक, आणि तो सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये असतो. ॲडलेडच्या साउथ ऑस्ट्रेलियन म्युझियममध्येही ओपल झालेले जीवाश्म आहेत. निघण्याआधी तिथे एक तास घालवा, पुढचं सगळं जास्त कळतं.

सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च चुकवू नका. १९९३ साली टेकडीच्या आत कोरलेलं आहे, उंच कमानदार छत आणि भिंतीतच कोरलेल्या संतांच्या आकृती. सासूबाईंनी सवयीने चपला दाराबाहेर काढल्या. तशी पद्धत तिथे नाही, पण दारातल्या आजोबांना ते आवडलं असावं, त्यांनी मान झुकवली.

गोल्फ मैदान गाडीतूनच बघितलं तरी चालेल. गवताचं एक पातं नाही, खेळणारे चेंडू मारायला गवताची छोटी चटई बरोबर घेऊन फिरतात. गावातल्या ड्राइव्ह-इन चित्रपटगृहात स्फोटकं आणू नयेत अशी सूचना पडद्यावर दाखवण्याची प्रथा आहे, कारण खाणकामगारांच्या गाडीत ती खरंच असायची. कांगारूंची अनाथ पिल्लं सांभाळणारी एक जागा आहे, पण ती दाखवण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, सकाळीच विचारा.

संध्याकाळ ब्रेकअवेजसाठी राखून ठेवा. गावाच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर पांढऱ्या, पिवळ्या, तांबड्या टेकड्या आहेत. त्या अंताकिरिन्जा मातू-यांकुनीजाजारा या मूळ रहिवाशांच्या भूमीवर आहेत. जाण्याआधी परवाना घ्यावा लागतो, माहिती केंद्रात विचारा. आखलेली वाट सोडून टेकड्यांवर चढू नका. शेवटचा रस्ता कच्चा आहे. कोरड्या हवेत साधी गाडी जाते, पण भाड्याच्या गाडीला कच्च्या रस्त्याची मुभा आहे का हे बघा, नसेल तर गावातून सहलीची गाडी मिळते. पाऊस पडला तर रस्ता बंद असतो, तेव्हा वाद घालू नका. तिथूनच डिंगो कुत्र्यांना मेंढ्यांपासून लांब ठेवणारं, पाच हजार किलोमीटरहून लांब कुंपणही दिसतं. दिसायला अगदी साधी तारेची जाळी आहे, मुलगी म्हणाली, "एवढंच?" सूर्यास्त बघून लगेच निघा आणि सावकाश या, हा एकच अंधारातला प्रवास आहे आणि कांगारूंना तो माहीत असतो. करारात अंधाराची मनाई असेल तर दुपारीच जाऊन या, किंवा सहलीच्या गाडीने जा.

ओपल घेताना

पहिल्या संध्याकाळी काही घ्यायचं नाही. फक्त बघायचं आणि दर विचारायचे. दुसऱ्या दिवशी खाण बघून, हातात पॉच धरून झाल्यावर डोळे तयार होतात, तेव्हा घ्यायचं. दोन रात्री थांबण्याचं हे माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण आहे.

दुकानात तीन प्रकार असतात. सॉलिड म्हणजे अख्खा ओपल. डब्लेट म्हणजे ओपलचा पातळ काप काळ्या पाठीवर चिकटवलेला. ट्रिप्लेट म्हणजे त्याच्यावर आणखी काच किंवा स्फटिकाची टोपी. तिन्ही खरे, पण किमतीत जमीन-अस्मान. ट्रिप्लेट सगळ्यांत झगमगीत दिसतो आणि सगळ्यांत स्वस्त असतो, हे लक्षात आलं की फसवणूक होत नाही. दगड बाजूने बघा. सरळ रेघेत दोन थर जुळलेले दिसले तर डब्लेट. वरचा घुमट काचेसारखा पारदर्शक आणि रंग आत खोल दिसले तर ट्रिप्लेट. कोंदणात बसवलेला दगड बाजूने बघता येत नाही, म्हणून सुटा दगड घ्यावा आणि पावतीवर "सॉलिड" लिहून घ्यावं. शुक्राची अंगठी करायची असेल तर ज्योतिषी बहुधा अख्खाच सांगतात, तेव्हा पर्याय उरत नाही.

दुकानातल्या दिव्याखाली सगळेच ओपल सुंदर दिसतात. दारात उन्हात नेऊ द्या म्हणावं, मग सावलीतही बघावं. हळूहळू फिरवून बघा, एखाद्याच कोनात रंग दिसत असेल तर तो कमी मोलाचा. कूबर पीडी मुख्यतः पांढऱ्या आणि फिकट ओपलसाठी प्रसिद्ध आहे. काळा ओपल न्यू साउथ वेल्समधल्या लाइटनिंग रिजचा, दगडासकट कापलेला बोल्डर क्वीन्सलँडचा. काळा दाखवला तर तो कुठला, हे सरळ विचारा. भाव करायला हरकत नाही. सासूबाईंनी मराठीत केला, दुकानदाराने इंग्रजीत, आणि कॅलक्युलेटरवर दोघांचं जमलं.

एका दुकानात मिळून ३०० डॉलर किंवा जास्त खरेदी झाली आणि ६० दिवसांच्या आत देश सोडणार असाल, तर जीएसटी विमानतळावर परत मिळतो. तो किमतीच्या अकराव्या भागाइतका असतो. कराची पावती आणि वस्तू दोन्ही हातसामानात ठेवा, चेक-इन बॅगेत नको. रांग असते, वेळ काढून जा. भारतात उतरताना दागिन्यांचे त्या वेळचे नियमही बघून घ्या.

अंगठीपेक्षा पदक किंवा कानातलं बरं, हे मी सासूबाईंना पटवू शकले नाही. ओपलचा कठीणपणा मोहस् मोजपट्टीवर साडेपाच ते साडेसहा, आणि घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते सात. नुसतं कोरड्या फडक्याने रोज पुसलं तरी बारीक ओरखडे येतात. भांडी घासताना, कणीक मळताना अंगठी काढायची. सॉलिडला अधूनमधून कोमट पाणी आणि साधा साबण चालतो. डब्लेट-ट्रिप्लेट पाण्यात बुडवायचे नाहीत, गोंद सुटतो. तेलात वगैरे ठेवायची काही गरज नसते. आपल्याकडे बाजारात इथिओपियाचेही ओपल भरपूर येतात, त्यांतले बरेच पाणी शोषतात आणि तेवढ्यापुरते वेगळेच दिसतात. घरात दोन्ही असतील तर वेगळ्या डब्यांत ठेवा, नाहीतर कुठला कुठला हे कळायचं नाही.

पुण्यात परत आल्यावर लक्ष्मी रस्त्यावर कोंदण करून घ्यायला द्याल तेव्हा सराफाला तीन गोष्टी सांगा: दगड बसवल्यावर अंगठीला ज्योत लावायची नाही, अल्ट्रासॉनिक यंत्रात धुवायची नाही, आणि कोंदणाच्या कडा दगडाच्या माथ्यापेक्षा किंचित वर ठेवायच्या. देताना दगडाचं वजन पावतीवर लिहून घ्या आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.